तीन सह्यांचं अनुदान

निवृत्त होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात आत्याने घरादाराच्या नाकी नऊ आणले. एकतीस वर्षं तिने शहरभर पायी हिंडून विजेची मीटरं वाचली होती. आता वाचायला मीटर उरलं नाही म्हणून ती औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचायची, शेजाऱ्यांच्या दारात पडलेली पाकिटं वाचायची, आणि कुणाकडे चहाला गेली तर बसण्याआधी जिन्याखाली डोकावून यायची. शेवटी भावाने हात जोडले. म्हणाला, तू माझ्या पोरीच्या संस्थेत जा, तिला माणूस हवाच आहे.

या भाचीला सगळे धांदल म्हणत. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. तिची संस्था म्हणजे लॉन्ड्रीच्या मागची एक लांबट शेड. कुणाचा पाय मोडला, कुणाचं ऑपरेशन झालं, की तिथून कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची फुकट न्यायची आणि बरं झाल्यावर परत आणून द्यायची. चाकाच्या खुर्च्या चौदा होत्या, पण त्यांतल्या नऊंचे ब्रेक गेले होते. धांदलने त्यांच्या दांड्यांना लाल फीत बांधून त्या एका भिंतीशी, चाकांना विटा लावून ठेवल्या होत्या. दुरुस्तीला अडतीस हजार लागणार होते. संस्थेची तिजोरी म्हणजे एक बिस्किटांचा डबा, आणि त्यातही बहुतेक वेळा बिस्किटंच असायची.

पहिला आठवडा दोघींनी कॉम्प्युटरसमोर काढला. एका मोठ्या फाउंडेशनला तीन वर्षांचे तपासलेले हिशेब हवे होते. दुसऱ्याला पाच जिल्ह्यांत काम हवं होतं. तिसऱ्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, दहा वर्षांनी तुमच्या संस्थेने समाजाला कुठपर्यंत नेलेलं असेल. आत्याने चष्मा सारखा केला आणि एका बोटाने टाइप केलं, "जिन्यापर्यंत. पुढे लिफ्ट आहे." धांदल हसता हसता स्टुलावरून घसरली. अर्ज दहा मिनिटांत नामंजूर होऊन आला. इतक्या चपळाईने तर आपली रजासुद्धा कधी नामंजूर झाली नव्हती, असं आत्या म्हणाली.

पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला एक गोष्ट सुचली आणि झोपच उडाली. मोठ्यांच्या दारात आपला निभाव लागत नाही ना, मग लहानांकडे जावं. एकतीस वर्षांत तिने हजारो दारांवरच्या पाट्या वाचल्या होत्या. शिंप्याच्या दुकानावर, दातांच्या दवाखान्यामागे, गोदामाच्या माळ्यावर, कुठे कुठे 'साहाय्य निधी', कुठे 'स्मृती न्यास', कुठे 'परोपकार मंडळ'. यांतल्या एकाचीही वेबसाइट नव्हती, पण मीटर प्रत्येकाचं होतं. सकाळी उठून तिने आठवतील तेवढ्या पाट्या वहीत उतरवल्या. तेवीस निघाल्या.

पायात जुने बूट घालून ती बाहेर पडली आणि तिला एकदम पंचविशीत आल्यासारखं वाटलं. पहिल्या पत्त्यावर आता शिकवणीचे वर्ग चालत होते. दुसऱ्या ठिकाणी निधी होता, पण तो फक्त संस्थापकाच्या पुतण्यांसाठी, आणि पुतणे सगळे परदेशात मजेत होते. तिसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी उलट तिच्याकडेच वर्गणी मागितली. तीही हसत हसत दहाची नोट देऊन पावती घेऊन आली. असे चार दिवस गेले, पण तिचा हुरूप तसूभर कमी झाला नाही.

पाचव्या दिवशी मंगळवार होता. जुन्या छापखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली होती, तिच्या दारावर 'लहान संस्थांसाठी साहाय्य न्यास' अशी पितळी पाटी. ही खोली आत्याला पक्की आठवत होती, कारण तिथलं मीटर जागचं हलतच नसे. महिन्याला दोन युनिट, फार तर तीन. तिने दार वाजवलं. आत एक म्हातारा कारकून टेबलापाशी पेपर वाचत बसला होता. त्याने वर पाहिलं आणि तिला ओळखलं.

"बाई, मीटर तर गेल्याच आठवड्यात वाचून गेले," तो म्हणाला.

"मीटरसाठी नाही आले. अनुदान मागायला आलेय."

कारकुनाच्या हातातला पेपर खाली पडला. तो उठला, त्याने तिच्यासाठी खुर्ची पुसली, मग परत पुसली, आणि खणातून एक कोरा अर्ज काढून दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला. नऊ वर्षांत अर्ज मागायला आलेली ती पहिलीच बाई होती. पैसे होते, भरपूर होते. दरवर्षी एका संस्थेला ते द्यायचेच असा न्यासाचा नियमही होता. फक्त घोडं एका ठिकाणी अडलं होतं.

न्यास तीन भावंडांच्या वडिलांनी स्थापन केला होता. थोरली बहीण, मधला भाऊ आणि धाकटा भाऊ, तिघांनी एका जागी बसून, एकमेकांसमोर सही करायची, तरच अनुदान मंजूर. नऊ वर्षांपूर्वी मधल्याला पोहणाऱ्यांच्या क्लबला पैसे द्यायचे होते आणि धाकट्याला वाचनालयाला. थोरलीने नाणं उडवलं. नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं आणि तिने न बघताच वाचनालय असं जाहीर केलं. त्या दिवसापासून तिघांची तोंडं तीन दिशांना. कारकून दर मंगळवारी येऊन खोली उघडत होता, पंखा लावत होता आणि पाच वाजता बंद करत होता.

हे ऐकून दुसरं कुणी कपाळाला हात लावून घरी गेलं असतं. आत्याला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तिने विचारलं की, अनुदानाआधी पाहणी करावी लागते का. कारकून म्हणाला, लागते, तिघांपैकी कुणीही करू शकतं. तिघांचे पत्ते विचारायची गरज नव्हती. तिन्ही घरांची मीटरं तिच्या ओळखीची होती. संध्याकाळपर्यंत ती तिन्ही घरी जाऊन चहा पिऊन आली आणि प्रत्येकाला शनिवारी सकाळी अकराची वेळ देऊन आली.

धांदलला हे कळलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्या, तू तिघांनाही एकाच वेळी बोलावलंस? आणि त्यांना हे माहीत नाही?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही."

शनिवारी अकराला पाच मिनिटं असताना थोरल्या बाई आल्या. कडक इस्त्रीचे कपडे आणि हातात पर्स. मागोमाग मधले आले, बहिणीला पाहून दारातच थबकले आणि परत फिरणार तोच धाकटे त्यांच्या पाठीवर येऊन आदळले. आत्याच्या सांगण्यावरून आधीच येऊन कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या कारकुनाने डोळे मिटून घेतले. आत्याने मात्र जणू काही झालंच नाही अशा थाटात सगळ्यांना आत घेतलं आणि बसायला सांगितलं.

बसायचं कशावर हा प्रश्न धांदलला तेव्हा पडला. शेडमध्ये स्टुलं दोनच, आणि त्यांवर कुबड्या रचलेल्या. ती घाबरून धावली आणि भिंतीशी लावलेल्या तीन चाकाच्या खुर्च्या ओढून आणल्या. त्या नेमक्या लाल फितीच्या आहेत हे तिला दिसलं नाही. थोरल्या एका भिंतीकडे तोंड करून बसल्या, मधले दुसऱ्या भिंतीकडे, धाकटे दरवाजाकडे. आत्या अर्ज वाचू लागली.

त्या शेडमध्ये पूर्वी गाड्या धुवायचे. पाणी वाहून जावं म्हणून फरशी चहूबाजूंनी मधोमध असलेल्या गटाराच्या जाळीकडे उतरती केलेली होती. अर्जाचं पहिलं वाक्य संपायच्या आत थोरल्यांची खुर्ची हळूच मागे सरकू लागली. त्यांनी ब्रेक ओढला. तो त्यांच्या हातातच आला. पलीकडून मधले पाठमोरेच, ताठ बसून, मोठ्या रुबाबात मागे येत होते. धाकट्यांनी पाय टेकून बघितलं तर त्यांची खुर्ची गर्रकन वळली. तिघं तीन बाजूंनी आले आणि जाळीवर खाड्कन एकमेकांना भिडले. गुडघ्याला गुडघे, कोपराला कोपर.

थोरल्यांच्या हातात अजून तो ब्रेक होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मधल्यांकडे वळून म्हणाल्या, "तुझी कोपरं अजून तशीच टोचतात रे."

मधल्यांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. ते आधी नाकातून हसले, मग खांद्यांतून, आणि मग त्यांना आवरेचना. धाकटे तर हसता हसता खुर्चीतच आडवे झाले. थोरल्या पर्समधून रुमाल काढून डोळे पुसत होत्या आणि पुसता पुसता परत हसत होत्या. धांदलला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. थोड्या वेळाने धाकटे म्हणाले की, पाहणी नीट झाली पाहिजे, एकदाच करून समजत नाही. मग तिघांनी खुर्च्या ढकलत वर नेल्या आणि पुन्हा पाहणी केली. तिसऱ्या पाहणीत मधले सगळ्यांच्या आधी जाळीवर पोचले. थोरल्यांनी तक्रार केली की, तू निघतानाच ढकलून निघालास. धाकट्यांनी पंच म्हणून मधल्यांच्या बाजूने निकाल दिला. नऊ वर्षांत त्यांनी मधल्यांची बाजू घेतली ती पहिल्यांदा.

कारकून अर्ज आणि पेन घेऊन तिघांच्या मध्ये घुसला. सह्या झाल्या, पण खुर्च्या हलत असल्याने इतक्या वाकड्यातिकड्या, की चार दिवसांनी बँकेने त्या नाकारल्या आणि तिघांनी परत एकत्र बसून सही करावी असं कळवलं. ही बातमी कारकुनाने तिघांना भीत भीतच सांगितली. तिघं मात्र दुसऱ्याच दिवशी थोरल्यांकडे जमले, सह्या केल्या आणि रात्रीचं जेवूनच उठले.

महिन्याभरात नऊही खुर्च्यांना नवे ब्रेक बसले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. नऊ वर्षं पैसे पडून होते, म्हणजे आणखी आठ संस्थांना द्यायचे राहिले होते. त्या संस्था शोधायचं काम न्यासाने आत्याकडे सोपवलं. आता तिच्या वहीत नवी यादी होती. अंधांना पहाटे टेकडीवर फिरायला नेणारं मंडळ. कानाची यंत्रं फुकट दुरुस्त करणारा घड्याळजी. कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवणारे एक सुतारकाका.

सगळ्यांत आधी ती सुतारकाकांकडे गेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं. आत्याने सांगितलं की, तुम्हाला अनुदान द्यायचं आहे, फॉर्म एकाच पानाचा आहे, तुम्ही मागितलं नाहीत तरी चालेल. सुतारकाकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, असे फोन हल्ली फार येतात, पण घरी येणारी बाई आजच पाहिली. आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडीही घातली.

आत्या पायरीवर बसली. एकतीस वर्षांत तिच्या तोंडावर शेकडो दारं आपटली होती, पण पैसे द्यायला आल्याबद्दल हे पहिलंच. तिला हसू फुटलं. हसताना चष्मा खाली पडला, तो उचलताना वही पडली आणि फॉर्म वाऱ्याने अंगणभर झाले. ती ते धरायला इकडून तिकडे पळू लागली. खिडकीतून बघणाऱ्या सुतारकाकांना हे काही बघवेना. कडी निघाली, आणि हातातला रंधा तसाच ठेवून ते फॉर्म पकडायला तिच्या मदतीला धावले.