तीसच्या आतलं साल

"काका, पेशंटचं वय एक वर्ष दिसतंय. लहान मुलांच्या विभागात जा," खिडकीवरची बाई म्हणाली.

काकांची आई एकशे एक वर्षांची होती. एक डोळा कधीच गेला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं.

इस्पितळाची ती संगणक प्रणाली तरुणपणी काकांनीच लिहिली होती. जागा वाचवायला जन्मसालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले आणि तीसच्या आतलं साल पुढच्या शतकात ढकललं. तोवर कोण जगतंय, असं साहेबही म्हणाले होते.

मुलांच्या विभागात रांगच नव्हती. डॉक्टरांनी डोळा तपासून परवाचा दिवस दिला.

"मोठ्यांकडे आठ महिने थांबावं लागतं. जन्मसाल नंतर दुरुस्त करा."

"मुळीच करू नकोस," आई काकांना म्हणाली. "जन्मात एक काम धड केलंयस."