तापल्या ताटलीवरचा खडा

मी एक स्फटिक बोलतोय. काचेच्या काडीसारखा पारदर्शक, बोटाच्या पेराएवढा. शहापुरात मला सगळे 'केदारीचा खडा' म्हणत.

बेळगावला लागून असलेलं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. तिथे विणकरांच्या गल्लीत केदारीचं औषधाचं दुकान होतं. एकदा त्याने कसलीशी पांढरी पूड स्पिरिटमध्ये विरघळवली आणि वाटी फळीवरच विसरला. स्पिरिट हळूहळू उडून गेलं. पुडीचे कण एकमेकांना बिलगत, रांगेला रांग लावत बसले. त्यांचाच मी झालो.

केदारीने मला सुकवायला तापल्या ताटलीत ठेवलं. ऊब लागताच आतले कण चुळबुळू लागले. रांगा ताणल्या गेल्या आणि सगळ्यांनी एकदम कूस बदलली. टक् आवाज करून मी वीतभर उडालो.

"अगं, हिकडं ये. ह्यो बघ उड्या मारतोय," त्याने बायकोला, बायाक्काला हाक मारली.

गार झालो की कण जुन्या जागी परतत. दर उडीला अंगात बारीक चीर राहायची, पण केदारी हसायचा म्हणून मला तिचं काही वाटायचं नाही. तो मला बाटलीत कापसावर जपायचा. हा माणूस आपला आहे, असं मी धरून चाललो.

शेजारी मारुतीरावांची मागशाळा होती. तिथे एकटी राहणारी मालुबाई विणायच्या सुताच्या कांड्या भरायची. एके दिवशी जरीची रिळं नाहीशी झाली. ती मारुतीरावांच्या धाकट्या भावाने, ज्योतिबाने नेली होती. मारुतीरावांना ते कळलं होतं. पण ज्योतिबाचं लग्न ठरलेलं. मारुतीराव केदारीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन बसले.

"केदारी, तुझा खडा चोर वळखतो म्हणून सांग. गाव तुला मानंल."

केदारी पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "कुणाच्या हातात उडवायचा?"

"मालुबाईच्या. तिच्या मागं कोण न्हाय."

फळीवरच्या बाटलीतून मी हे सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मागशाळेत सगळे जमले. एकेकाच्या हातात गार ताटली आली, मी निमूट पडून राहिलो. मालुबाईची पाळी आल्यावर बायाक्का मागच्या दाराने दुसरी ताटली घेऊन आली. पदरात धरून. नवऱ्याने सांगितलं म्हणून तिनेच ती शेगडीवर तापवली होती.

"आप्पा, ताटली कढत हाय," मालुबाई म्हणाली.

"पापी हाताला चटका बसणारच," केदारी म्हणाला आणि त्याने मला ताटलीत सोडलं.

मी आतल्या रांगा घट्ट धरून ठेवायची धडपड केली. पण उष्णतेपुढे माझं काही चालत नाही. मी उडालो. मालुबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं बायाक्काकडे. बायाक्काने मान खाली घातली.

मालुबाई गाठोडं घेऊन निपाणीला गेली, तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. केदारीकडे लांबलांबून माणसं येऊ लागली. ज्योतिबाचं लग्न थाटात झालं.

बायाक्काला मात्र मालुबाईची ती नजर विसरता येईना. अखेर एक दिवस ती शेगडी आणि मला घेऊन मागशाळेत गेली. सगळ्यांसमोर तिने ताटली तापवली, तिच्यात मला टाकलं आणि ती मारुतीरावांपुढे धरली. "धरा. बघू उडतोय का."

मी उडालो, फरशीवर पडलो आणि माझे दोन तुकडे झाले. त्या दिवशी ताटली कुणी तापवली होती, हेही तिने सांगून टाकलं. कुणी वर पाहिलं नाही. मारुतीराव म्हणाले, "झालं ते झालं. कामाला लागा." माग पुन्हा खडखडू लागले.

बायाक्का मला पदराच्या गाठीत बांधून निपाणीला गेली. मालुबाई वखारीत पानं निवडत होती. बायाक्काने तिला सगळं सांगितलं. "सगळ्यांना कळलंय आता. तुला न्यायला आलोय."

मालुबाईने तिच्या पाठीमागे, दाराकडे पाहिलं. "आनि कोन आलंय?"

"कोन न्हाय. मीच."

मालुबाई पुन्हा पानं निवडू लागली.

आता आम्ही दोन तुकडे बायाक्काजवळ एका डबीत असतो. ऊब लागली तरी उडत नाही, नुसते तडकतो. केदारी माझी चौकशी करत नाही. त्याने फळीवर नवी वाटी ठेवली आहे. तिच्यातून माझा भाऊ जन्माला येईल. त्याला कुणी तुमच्यापुढे साक्षीला आणलं, तर माझी एवढीच विनवणी आहे: आधी ताटलीला हात लावून बघा.