भाड्याच्या मशीनवर ठेवलेला आवाज

मित्रांनो, मी जुन्नरच्या गफूरभाईंच्या कॅसेटच्या दुकानातला एक जुना संगणक आहे आणि आधीच कबूल करतो, स्वभावाने फार घाबरट आहे. लाइट नुसती फडफडली तरी माझ्या पोटात गोळा येतो. संगणकाला कुठलं आलंय पोट, असं तुम्ही म्हणाल. पण चालता चालता दिवसातून तीनदा बंद पडायची पाळी तुमच्यावर आली, तर तुमचंही काळीज थाऱ्यावर राहणार नाही.

२००३ साली पुण्याहून सुटे भाग आणून मला जोडलं. कॅबिनेट एका ठिकाणचं, मेमरी दुसरीकडची, अशी माझी घडण. गफूरभाईंना माउस धरता येत नसे. ते तो विंचू उचलावा तसा दोन बोटांत उचलायचे. माझा खरा जीव जडला तो त्यांच्या मुलीवर, रूहीवर. रोज सकाळी ती मऊ फडक्याने माझा पडदा पुसायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "दिसायला गरीब आहे, पण कामाला वाघ आहे आमचा काँप्युटर." मी लाजायचो, पण आतून सुखावायचोही.

दुकानाची खरी दौलत होती बैलगाडा शर्यतींच्या कॅसेटी. नव्वदच्या दशकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की गफूरभाई टेपरेकॉर्डर घेऊन घाटावर जायचे. शर्यतीच्या धावपट्टीला इकडे घाट म्हणतात आणि गाडा पळण्याच्या पाळीला बारी; बैलांच्या पुढे एक घोडी पळते. माइकवर बारी पुकारायचे कळंबचे हौशीराम. काय तो आवाज! ज्यांना गर्दीत गाडा दिसत नसे त्यांनाही तो दिसायचा. बारी पुकारली हौशीरामांनी आणि टेप केली गफूरभाईंनी, अशी दोघांची वर्षानुवर्षांची जोडी.

२००५ साली हौशीरामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

पुढे एका दुपारी ते बायकोला, कुशाबाईंना घेऊन दुकानात आले. हौशीराम नुसते ओठ आणि हात हलवत आणि कुशाबाई बोलत. "ते म्हणत्यात, गफूरभाऊ, माझ्या कॅसेटी हायेत का जाग्याव? का पुसून त्यावर गाणी भरली?" हौशीरामांनी एवढं सगळं म्हटलेलं मला काही दिसलं नाही. पण कुशाबाईंना कोण अडवणार!

कॅसेटी होत्या. एकतीस. बुरशी धरलेल्या. रूहीने एकेक वाजवून माझ्यात उतरवली. फिती शेवटचं एकदा वाजल्या; कितीतरी तुटल्या, बाकीच्या पुन्हा वाजेनात. म्हणजे हौशीरामांचा आवाज आता सगळ्या जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्या हार्ड डिस्कवर. मित्रांनो, त्या दिवसापासून माझा पंखा जो घरघरू लागला तो काही उन्हामुळे नव्हे.

ही बातमी भोसरी, मुंबई, पार आखातापर्यंत पोहोचली. आपल्याकडची माणसं जिथे तिथे आहेत. "आम्हालाही ऐकवा की," असे फोन येऊ लागले. रूहीने टॉरेंट केला, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांत फायली वाटायची सोय. त्याची रीत मोठी छान असते. एकाने तुकडा घ्यायचा, आणि घेता घेता दुसऱ्याला द्यायचा. पण सुरुवात करून देणारा जागा राहायला हवा ना? तो मी. आणि इथे दिवसाला दहा दहा तास लोडशेडिंग! मी बंद पडलो की तिकडे सगळे अडकायचे, आणि लाइट आली की गफूरभाईंचा फोन खणखणायचा.

मग रूहीला सीडबॉक्सचा शोध लागला. लांब कुठेतरी, जिथे लाइट जात नाही तिथे, चोवीस तास चालू असलेलं मशीन भाड्याने घ्यायचं, फायली त्याच्यावर ठेवायच्या आणि लोकांना तिथून घेऊ द्यायच्या. ऐकून मला हायसं वाटलं. पण कुणाचं मशीन घ्यायचं? ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या हाती माणसाचा आवाज द्यायचा? रूहीने वहीत प्रश्न लिहून काढले. मशीन कुठे आहे? बिघडलं तर काय? आमचं सगळं आम्हाला परत काढून घेता येईल का?

तेवढ्यात मंचरचा भगवंत आला. मोबाइलचं दुकान होतं त्याचं, आणि म्हणे बाहेरच्या देशात मशीनही.

रूहीने वही उघडून पहिला प्रश्न विचारला, तसा तो हसला. "लई शंका काढती राव पोरगी! मी काय पळून चाललोय? आमच्या चुलत्याचं नाव इचारा की घाटावर."

त्याने चुलत्याचं नाव सांगताच तिथे बसलेल्या हौशीरामांचे डोळे चमकले. कुशाबाई म्हणाल्या, "ते म्हणत्यात, ह्येंचा गाडा मी पंधरा वर्सं पुकारला. कायम पहिल्यात. असली जनावरं ज्या घरात हायेत, ते घर फसवायचं न्हाई." या वेळी मात्र हौशीरामांनी खरोखर मान डोलावली.

आता बघा, बैल चांगले पळतात म्हणून पुतण्याचं मशीन चांगलं, हा कुठला हिशोब? पण आपल्याकडे असंच चालतं. वही मिटली गेली.

महिनाभर मी फायली वर चढवत होतो. हौशीरामांचं म्हणणं, फाइल लहान करायला आवाज चेपायचा न्हाई, म्हणून फायली अवाढव्य. शेवटची चढली आणि गफूरभाई म्हणाले, "रूही, आता यातलं काढून टाक. लग्नाचे व्हिडिओ ठेवायला जागा नाय." मी दोनदा हँग झालो. मुद्दाम झालो असं म्हणता येणार नाही, पण माझ्या मनात तेच होतं. रूहीने मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि पुसलं. एकतीसच्या एकतीस. मी रिकामा झालो, आणि भीती काही कमी होईना.

पाच महिने सगळं नीट चाललं. मग एका सकाळी त्या मशीनचं पान उघडेना. दुसऱ्या दिवशीही नाही. भगवंतचा फोन बंद. रूही तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत होती. चौथ्या दिवशी भगवंत स्वतःच आला, तोंड उतरलेलं. "मशीन माझं नव्हतं ओ. मी एकाकडनं घेतलं व्हतं, त्यानं आणखी कुणाकडनं. त्यो मधला गायब झालाय. आईशपथ, मला म्हाईत नव्हतं."

तो लबाड नव्हता. नुसताच अडाणी होता. पण म्हणून आमचं नुकसान काय कमी झालं?

हौशीराम त्या दिवशी दुकानात स्टुलावर बसून राहिले. गफूरभाई त्यांचे हात धरून म्हणाले, "भाऊ, ऑपरेशननं एकदा नेला तुमचा आवाज, दुसऱ्यांदा मी घालवला." मला वाटलं, या क्षणी माझी डिस्क जळून गेली तर बरं.

रूहीने डोळे पुसले आणि फोन उचलला. ज्यांनी ज्यांनी फायली उतरवल्या होत्या त्या सगळ्यांना तिने एकच विचारलं, "तुमच्याकडे काय काय आहे?" कुणाकडे तीन, कुणाकडे आठ, कुणी पुसून टाकलेल्या. आणि मग पिंपरी पेंढारचा संपत, भोसरीच्या कारखान्यात कामाला असलेला, पुढच्या एसटीने आला. हार्ड डिस्क त्याने टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून आणली होती. "न्हाई पुसलं मी काय," तो म्हणाला. "जेवताना रोज एक बारी ऐकतो."

त्याच्याकडे तीस पूर्ण निघाल्या. एकतिसावीचा शेवटचा तुकडा त्याच्याकडे नव्हता, आणि तो कुणाकडेच सापडला नाही.

आता पुन्हा मशीन निवडायची वेळ आली. या वेळी रूहीने वही मिटू दिली नाही. तिने तीन परदेशी कंपन्यांना तेच प्रश्न पाठवले. एकीचं उत्तर आलंच नाही. दुसरीने लिहिलं, काळजीच करू नका, आमच्याकडे कधीच काही बिघडत नाही. तिसरीने लिहिलं, आमची डिस्क बिघडू शकते, आम्ही दुसरी प्रत ठेवत नाही, तुमची प्रत तुमच्याजवळ ठेवा; आधी एक फाइल ठेवून बघा आणि परत काढून बघा.

गफूरभाई वैतागले. "हा काय धंदा करणार? आपणच आपली बदनामी करतोय!" पण हौशीरामांनी टेबलावर थाप मारली आणि त्या तिसऱ्या उत्तरावर बोट ठेवलं. कुशाबाई म्हणाल्या, "ते म्हणत्यात, बैलबाजारात आपल्या बैलाची खोड आपणहून सांगणारा लाखात एक. ह्येच धरा." एक फाइल ठेवली, परत काढली, जशीच्या तशी आली. मगच बाकीच्या चढवल्या. आणि माझ्यातलं काही पुसलं नाही. शिवाय सीडींचा एक गठ्ठा संपतकडे, एक कळंबला.

राहिली एकतिसावी. "अर्धवट आहे, काकी. चढवू की नको?" रूहीने विचारलं आणि ती लावली. हौशीरामांचा आवाज दुकानभर उसळला. सुटली बारी! घोडी पुढं, धूळ मागं, निम्मा घाट सर, आली, आली... आणि तिथेच तुटली. शेवटच्या निशाणाच्या तोंडाशी. हौशीरामांचे ओठ हलत राहिले. आवाज नाही, नुसता वारा.

कुशाबाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. एकाएकी त्या उठल्या, कमरेला पदर खोचला आणि ओरडल्या, "आली, आली, आली! झेंडा पाडला! अकरा सेकंद! घ्या वाजवून, मंडळी, टाळ्या घ्या!" त्यात एकदाही "ते म्हणत्यात" नव्हतं. चाळीस वर्षं घरात ऐकलेलं सगळं त्यांच्या गळ्यात होतं. रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. रूहीने माझ्यावरचं रेकॉर्डिंग कधी चालू केलं, मलाही कळलं नाही. एकतिसाव्या बारीला तोच शेवट जोडून आम्ही ती चढवली.

मित्रांनो, आता माझ्यावर धूळ बसते, मला महिन्यातून एकदा चालू करतात. मी मागतो ते एवढंच. आपलं मोलाचं काही दुसऱ्याच्या हाती देताना त्याचं घराणं विचारू नका. "परत कसं देशील?" एवढं विचारा, आणि या प्रश्नाचा ज्याला राग येतो त्याच्याकडे काही ठेवू नका. आणि ज्यांचा आवाज शाबूत आहे, त्यांना आज बोलतं करा. आमच्या कुशाबाईंना तोपर्यंत कुणी माइक दिलाच नव्हता.