चारही पाय सारखे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. फर्निचरच्या कारखान्यात मालकांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं. पहिली काही वर्षं येणारे-जाणारे माझ्या पाठीवरून कौतुकानं हात फिरवत. मग गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मुलाखतीच्या खोलीत झाली, तीही उमेदवारांच्या बाजूला. तिथे मी डुगडुगू लागले. सगळे मला लंगडी म्हणू लागले.

मालकांचे मेहुणे प्रत्येकाला विचारत, तुमचा दोष सांगा. कुणी म्हणे, मी फार मेहनत करतो. कुणी म्हणे, मला सुट्टी सहन होत नाही. एकानं तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, की तो नको इतका प्रामाणिक आहे. जागा होती माल तपासणाऱ्याची. बुडाखाली डुगडुगणाऱ्या मालाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

एक दिवस एक पॉलिशवाली आली. फटकळपणापायी तिच्या दोन नोकऱ्या गेल्या होत्या. ही पाचवी मुलाखत. ‘फार मेहनत करते’ एवढंच सांग, असं भावानं तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

प्रश्न आला. आम्ही दोघी डुगडुगलो.

“मला काही दिसलं की मी बोलून मोकळी होते,” ती म्हणाली. “विचार नंतर करते. आता हेच बघा, या खुर्चीचा मागचा पाय आखूड आहे.”

“बाई, ही साहेबांनी स्वतः केलीय,” मेहुणे म्हणाले.

“मग साहेबांनी आखूड केलाय.”

मेहुण्यांशेजारी बसलेले मालक उठले. त्यांनी मला चारचौघांत उलटं केलं आणि मोजपट्टी लावली. चारही पाय सारखे. मग फरशी सपाट आहे का ते बघायला त्यांनी तिच्यावर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा सरळ मेहुण्यांच्या दिशेनं पळाला. ती वाकडीतिकडी फरशी मेहुण्यांनीच घालून घेतली होती.

पॉलिशवालीचा चेहरा उतरला. “चुकलंच माझं. आधी मोजायला हवं होतं.”

मालकांनी मोजपट्टी तिच्या हातात दिली. “उद्यापासून आधी मोजायचं, मग बोलायचं. पण बोलायचं.”

मेहुण्यांनी फरशी तशीच ठेवून माझ्या पायाखाली पुठ्ठा सारला. मी तो रोज बाहेर ढकलते.

मित्रांनो, आम्हाला पुसा, पाण्यापासून जपा, ते सगळं कराच. पण कुणाला लंगडं म्हणण्याआधी जरा खाली वाकून फरशी बघा. आणि माझा दोष विचाराल तर सांगते. मी अजून कुणाला माफ केलेलं नाही, आणि तसा विचारही नाही.