चाळीस पावलांवरून

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. अनोळखी माणसाच्या जवळ जाऊन कॅमेरा रोखायचा म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. म्हणून तर ती सत्तर-दोनशे मिलिमीटरची झूम लेन्स घेतली. दीड किलोचं धूड. पण लांब उभं राहून माणसाच्या पापण्यासुद्धा टिपता येतात, आणि काच एवढी मोठी की आमच्या डेन्मार्कमधल्या स्वेनबोरच्या मेंगळट हिवाळी उजेडातही चालते. फोटो क्लबातले लोक हसायचे. "विबेके, रस्त्यावरचे फोटो छोट्या लेन्सने काढतात गं, तोफेने नाही!" हसू देत. तोफेमागे मला सुरक्षित वाटायचं.

त्या शनिवारी चौकात बाजार भरला होता. मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभी होते. मी तिथेच नोकरी करते, त्यामुळे त्या पायऱ्या मला घरच्यासारख्या. समोर तिरकस, मोजून चाळीस पावलांवर, कॅफे. आत माझी मुलगी सिसेल मैत्रिणीबरोबर बसली होती आणि बाहेर भिंतीशी बाबागाडीत माझी नात आस्ता झोपली होती. सात महिन्यांची. आमच्याकडे मुलं बाहेर थंडीतच झोपतात, आई आत कॉफी पिते. मीही सिसेलला असंच झोपवायचे. मूल रडलंच तर जवळून जाणारा कुणीही गाडीची दांडी धरून चार वेळा हलवतो आणि पुढे जातो. त्यासाठी ओळख लागत नाही.

मी आधी चीजवाल्याचे हात टिपले, मग एक झोपाळू कुत्रा. मग सहज लेन्स आस्ताच्या गाडीकडे वळवली, झूम पूर्ण ताणला, गाडीच्या छताच्या शिवणीवर फोकस धरला.

आणि चौकटीत एक माणूस आला.

हिरवं जाकीट, कानांवर लोकरी टोपी. तो गाडीवर वाकला. त्याचा उजवा हात छताच्या बाजूने खाली गेला आणि बोटं गाडीच्या कडेआड दिसेनाशी झाली. आत. जिथे आस्ताचा चेहरा होता तिथे.

 ओरडायला हवं होतं. सिसेलला हाक मारायला हवी होती. आई म्हणून, आजी म्हणून, दुसरी कुठलीही बाई ओरडली असती. मी काय केलं? बटण दाबून धरलं. अकरा फोटो. आजही तो खटखट आवाज आठवला की मला माझीच लाज वाटते.

मग पाय सुटले. मासेवाल्याची गाडी नेमकी मध्ये आली, तिला वळसा घालून मी पोचले तेव्हा तो माणूस नव्हता. गाडीत वाकून पाहिलं. आस्ता झोपलेली होती, गाल लाल, तोंड उघडं. मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतोय का ते पाहिलं. मग परत एकदा पाहिलं.

"आई? काय झालं?" सिसेल दारात आली. "अशी पांढरीफटक का पडलीयेस?"

 मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला.

तिने फोटो पाहिला आणि आस्ताला झोपेतून उचलून छातीशी घट्ट धरलं. पोर भोकाड पसरून रडायला लागलं. "कोण आहे हा? आई, कोण आहे हा माणूस?"

"माहीत नाही."

"मला पाठव. आत्ताच्या आत्ता."

मी तिच्या फोनवर एक फोटो पाठवला. सगळ्यात स्पष्ट वाटला तो. गावातल्या पालकांच्या गटावर तिने तो टाकला तेव्हा मी शेजारीच उभी होते. तिने खाली लिहिलं होतं, "हा माणूस आज माझ्या बाळाच्या गाडीत हात घालत होता. कुणी ओळखतं का?" मी "थांब" म्हटलं नाही. मला तर बरंच वाटलं. माझ्या भीतीला कुणीतरी वाटेकरी मिळाला.

दुपारी दोनपर्यंत नाव आलं. आयविन. पूर्वी बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीवर दोर सांभाळायचा, आता निवृत्त. शिडाच्या कापडाच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहतो. एकटा, या शब्दावरच तीस जणांनी काय काय लिहिलं होतं. एकीला तो पोहण्याच्या तलावाजवळ दिसला होता. दुसरीला तो कधीच आवडला नव्हता.

मी घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर उघडले. खरं सांगते, मला त्याचा चेहरा नीट पाहायचा होता. राग धरायला चेहरा लागतो. मी फोटो मोठा केला, अजून मोठा केला. छताची शिवण धाग्याधाग्याने दिसत होती. आस्ताच्या दुलईवरचा लोकरीचा गोळासुद्धा. मग मी त्याच्या हातावर आले.

हात धूसर होता.

फार नाही. थोडासाच, काचेवर फुंकर मारल्यासारखा. मी बाही पाहिली, टोपी पाहिली. सगळंच धूसर. आणि बाहीपाशी एक राखाडी वाकडी रेघ, ती सायकलच्या हँडलची होती.

मी परत शिवण पाहिली, परत हात. ही लेन्स पूर्ण उघडी ठेवली की चाळीस पावलांवरूनही चार-पाच पावलांचीच जागा स्पष्ट येते, पुढचं-मागचं विरघळतं, आणि तेच तर मी क्लबात मिरवत असते. हात गाडीत असता तर तो शिवणीइतकाच स्पष्ट आला असता. तो गाडीत नव्हताच. तो आठ पावलं मागे, त्याच भिंतीच्या कडेने लावलेल्या सायकलींच्या रांगेत, आपल्या सायकलचं कुलूप काढत होता. लांबून ताणलेल्या झूमने मधली आठ पावलं चपटी करून टाकली होती. फोनच्या एवढ्याशा चित्रात सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. तिथे कुणाला कळणार?

मला कळायला हवं होतं. मी एकटीच होते जिला कळलं असतं.

मी सिसेलला फोन केला. "तो फोटो काढून टाक. तो लांब होता गं, मागे होता. हात धूसर आहे."

"धूसर?" ती म्हणाली. "आई, मी स्वतः पाहिलंय. तूच दाखवलंस."

"माझं चुकलं."

"तुझं नेहमीच चुकतं! वेटरने थंड कॉफी आणली तरी तूच सॉरी म्हणतेस. आता त्या माणसाची दया आली, हो ना? त्रोल्स दोघांना घेऊन गेलाय त्याच्याकडे. विचारतील फक्त."

त्रोल्स माझा जावई. चांगला आहे, पण चिडला की त्याला आवाज आणि हात दोन्ही आवरत नाहीत. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सायकलवर बसले.  वाटेत दोनदा वाटलं मागे फिरावं, पोलिसांना फोन करावा, कुणा शहाण्या माणसाला पुढे करावं.

गल्लीच्या तोंडाशी पोचले तर समोर दुकानाच्या दारात चार-पाचजण. सवयीने माझा हात लेन्सकडे गेला. डोळ्याला लावली. आयविन दारात उभे होते, पायात नुसते मोजे. त्रोल्स काहीतरी ओरडत होता आणि ते एकेकाकडे बघत होते, कुणाला काय सांगितलं म्हणजे हे थांबेल ते न कळल्यासारखे. खालचा ओठ थरथरत होता. दोनशेवर ते सगळं दिसतं. हीच भीती मी आयुष्यभर लेन्समागे लपवली होती, आणि आता ती मी दुसऱ्याच्या तोंडावर नेऊन चिकटवली होती.

मी लेन्स खाली केली आणि चालत गेले. पार दाराशी.

"त्रोल्स, थांब. फोटो मी काढलाय. फोटो खोटा आहे."

"तुम्ही घरी जा," तो म्हणाला. "तुमच्याच्याने हे व्हायचं नाही."

"मग हात पुढे कर."

"काय?"

"इथेच, रस्त्याच्या कडेला उभा राहा आणि हात पुढे कर. आयविन, तुम्ही तिकडे त्या दिव्याच्या खांबापाशी जाल का? कृपा करून." माझा आवाज चिरका झाला होता, पण निघत होता.

आयविन मोज्यांवरच गार दगडांवरून चालत गेले. मी दुसऱ्या बाजूला चाळीस पावलं मागे गेले, झूम ताणला, थोडी डावीकडे सरकले आणि एकच फोटो घेतला. परत येऊन पडदा त्रोल्सपुढे धरला. त्यात त्रोल्सने आयविनचा गळा धरला होता.

त्रोल्सने पडद्याकडे बघितलं. मग खांबाकडे बघितलं. मधली आठ पावलं त्याने डोळ्यांनी मोजली असावीत. "च्यायला," एवढंच म्हणाला. बाकीचे दोघं-तिघं बूट बघत पांगले.

"मी गाडीकडे बघितलंसुद्धा नव्हतं हो," आयविन मला म्हणाले. "गाडी होती का तिथे?"

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि दार लावलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला, मग दुसरीही.

सिसेलने गटावरून फोटो काढून टाकला, खुलासा लिहिला. फोटो नऊशे लोकांनी पाहिला होता. खुलासा एकसष्टांनी.

पुढच्या शनिवारी मी पायऱ्यांवर होते, कॅमेरा घरी ठेवून. सिसेलने हट्टाने गाडी बाहेरच ठेवली होती, "नाहीतर आपण खरंच घाबरलो असं होईल" म्हणाली. साडेदहाला आस्ता उठली आणि रडू लागली. बाजारातून आयविन येत होते, हातात ब्रेडची पिशवी. गाडीच्या सगळ्यात जवळ तेच होते. त्यांचा हात दांडीकडे निम्मा गेला. एवढी वर्षं आमच्या गावात जातो तसा, न विचारता.

मग थांबला. त्यांनी पिशवी काखेत दाबली आणि दोन्ही हात खिशात खोल घातले. आस्ता रडत होती. ते जागचे हलले नाहीत, मान वर करून चौकभर बघत राहिले, खिडक्या, दारं, मग पायऱ्या. ते लेन्स शोधत होते.

मी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. पण चाळीस पावलांवरून त्यांना ते काय दिसले कोण जाणे. ते वळले आणि घाईघाईने निघून गेले.