इब्रीतल्या अकरा कुरडया

सिंगापूरच्या सेंगकांगला राहून कुरडया वाळवायच्या म्हणणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे नीताला एकवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. सकाळी ऊन लख्ख असतं, म्हणून बांबूवर कपडे टाकून माणूस खाली भाजी आणायला उतरतं, आणि वर येईपर्यंत सगळं पुन्हा चिंब. तिने दोनदा हट्टाने करून पाहिलं होतं. पहिल्या खेपेला कुरडयांना बुरशी आली. दुसऱ्या खेपेला कॉरिडॉरमधली ताटं उचला म्हणून दाराला नोटीस चिकटली.

पण आता मुलीचं, ऋचाचं, लग्न ठरलं होतं, मे महिन्यात, पुण्याला. आणि नीताच्या आईने तीन वर्षांपूर्वी, जायच्या आधी, आपला पितळी सोऱ्या लेकीच्या हातात देऊन बजावलं होतं की नातीच्या रुखवतात तुझ्या हातच्या कुरडया असू देत, विकतच्या नकोत. पुण्याचं घर विकलेलं, रजा मोजकी, लग्नाच्या जेमतेम चार दिवस आधी तिथे पोचायचं. तेवढ्यात कुरडया कुठल्या होणार? ऋचाला रुखवत म्हणजे काय हे दोनदा समजावून सांगावं लागलं होतं. पण वचन ऋचाने दिलं नव्हतं, नीताने दिलं होतं. ते तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

तोडगा काढला तिच्या धाकट्या भावाने. निशिकांत बावीस वर्षं ओमानमध्ये इब्रीला होता, वाळवंटाच्या कडेला, खजुराच्या कारखान्यात मॅनेजर. “ताई, इकडे ये,” तो फोनवर म्हणाला. “इथे दुसरं काही नसलं तरी ऊन आहे.” त्याची बायको कादंबरी म्हणाली, तुम्ही निघायच्या दोन दिवस आधीच मी गहू भिजत घालते.

बावीस वर्षांत नीता भावाच्या घरी एकदाही गेली नव्हती. गेली ती शेवटी उन्हासाठी. एप्रिलात सहा दिवसांची रजा काढून, सोऱ्या साडीत गुंडाळून ती निघाली आणि सवयीने पर्समध्ये दोन छत्र्या टाकल्या. एक आपली, एक कोणी विसरलं तर. मस्कतला विमानतळावर त्या छत्र्या पाहून निशिकांत इतका हसला की गाडी सुरू करायला त्याला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी नणंद-भावजयीने गहू वाटले, गाळले आणि चीक निवळत ठेवला. पांढराशुभ्र, दाट चीक, पातेलंभर. गच्चीवर प्लास्टिकचे कागद अंथरून त्यांच्या कडांवर विटा ठेवल्या. नीताने आकाशाकडे पाहिलं तर ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. तिला आईला फोन करून सांगावंसं वाटलं, आणि मग आठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजेड पिवळट झाला. कादंबरी म्हणाली, धूळ असेल. धूळ नव्हती. दहा वाजता पहिला थेंब पडला, आणि साडेदहाला असा कोसळायला लागला की समोरचं खजुराचं झाड दिसेना.

त्यानंतर त्या घरात जी धांदल उडाली ती नीताने सिंगापुरात कधी पाहिली नव्हती. घर बांधणाऱ्याने पाऊस हिशेबात धरलाच नव्हता. गच्चीला उतार नाही, खिडक्यांच्या फटींना रबर नाही, रस्त्याला गटार नाही. पाणी बल्बच्या भोकातून खाली यायला लागलं. कादंबरी एका हातात बादली आणि एका हातात मोबाइल घेऊन धावत होती, कारण पाऊस अडवायचाही होता आणि त्याचे फोटोही काढायचे होते. अखेर नीतानेच पदर खोचला. पावसाचा संसार तिने एकवीस वर्षं केला होता. टॉवेल पिळून खिडकीच्या खाचेत कसे कोंबायचे, गाद्या कुठल्या भिंतीला उभ्या करायच्या, गच्चीवरचं पाणी वायपरने कुठल्या कोपऱ्यातून लोटायचं, तिने हुकूम सोडले आणि भावाने निमूटपणे ऐकले. सगळ्या गल्लीत छत्र्या दोनच होत्या. त्या आळीपाळीने घरोघर फिरून आल्या.

आणि मग, घरं जरा सावरल्यावर, नीताने पाहिलं की लोक बाहेर आले आहेत. आसऱ्याला नव्हे, भिजायला. कोणी दारात खुर्ची टाकून पावसात बसलेलं, कोणी थर्मासमधून कॉफी वाटत होतं. शेजारच्या घरातल्या आजी हात पसरून उभ्या होत्या. तुटक्या हिंदीत त्यांनी नीताला सांगितलं की असा पाऊस त्यांनी नातू झाला त्या वर्षी पाहिला होता, आणि तो नातू आता गाडी चालवतो. सेंगकांगला पाऊस आला की नीता बसस्टॉपच्या छपराखाली कपाळाला आठ्या घालून उभी राहायची. तिला स्वतःची जराशी लाज वाटली.

पाऊस थांबेना. दुसऱ्या दिवशी वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीला, पूर आला आणि कारखान्याचा रस्ता बंद झाला. निशिकांत घरी अडकला. बावीस वर्षांत बहीणभाऊ एकत्र भेटले ते लग्नात नाहीतर दवाखान्यात, आणि दोन्हीकडे घड्याळाकडे बघत. आज घड्याळाचं काही काम नव्हतं. तो बहिणीला गाडीत घालून वादी दाखवायला घेऊन गेला. पाण्यापासून चांगली लांब त्याने गाडी थांबवली. मातकट पाणी दगडगोटे वाहून नेत होतं आणि काठावर गावच्या गाव उभं होतं.

“मी पोचलो तेव्हा आईला नेलं होतं,” निशिकांत एकाएकी म्हणाला. “तू तेव्हा काहीच बोलली नाहीस. मला वाटायचं, तुझा राग आहे.”

राग होताच. तीन वर्षं तिने तो जपून ठेवला होता, आणि बोलायला निवांत दिवस मिळत नाही ही सबबही. नीता म्हणाली, “होता. पण तू रस्ताभर रडत आला असशील, हे मला तेव्हा सुचलं नाही.” त्यावर तो जो रडला, ते पावसामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

घरी परतल्यावर पातेल्याचं झाकण उघडलं तर चीक आंबायच्या बेतात. अर्धा दिवस वीज नव्हती, फ्रीजही बंद. नीता पातेल्यासमोर बसून राहिली. इतक्या लांब येऊन आईचा एक शब्द राखता आला नाही. कादंबरी हळूच म्हणाली, “ताई, आईंनी हे फेकू दिलं असतं का?”

नसतंच. नीता उठली, वाडगाभर चीक बाजूला काढला आणि बाकीचा सगळा शिजायला घातला. तूप आणि खजुराचा पाक घालून गरम चीक गल्लीभर वाटला. शेजारच्या आजींनी बोटं चाटून विचारलं की हे कुठल्या सणाचं. नीता म्हणाली, पावसाच्या. तेवढ्यात वीज आली. तो वाडगा फ्रीजमध्ये गेला.

सहाव्या दिवशी ऊन पडलं. धुऊन काढलेलं, कडक. रात्रीचं विमान होतं. वाडगाभर चीक शिजवला, त्यात सोऱ्यातून मोजून अकरा कुरडया पडल्या. दुपारपर्यंत वरून कडक झाल्या, पण पोटात ओलसर राहिल्या. कादंबरीने त्या मिठाईच्या खोक्यात मधे मधे कागद घालून बांधून दिल्या. निघताना नीताने एक छत्री आजींच्या दारात ठेवली.

सेंगकांगला दार उघडलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस. ऋचाने खोकं उघडून पाहिलं. “Eleven only, Aai? Never mind lah, enough,” ती म्हणाली. पण आईचा चेहरा पाहून, ओल्या कुरडया दोन दिवसांत बुरसटणार हे तिलाही कळलं.

नीताच्या नवऱ्याचा, श्रीनिवासचा, जीव कॅमेऱ्यात. सिंगापूरच्या दमट हवेत लेन्सना बुरशी धरू नये म्हणून त्याने काचेच्या दाराचं ओल शोषणारं कपाट घेतलं होतं, आणि त्याला तो कोणाला बोटही लावू देत नसे. त्याने ते कपाट उघडलं, एकेक लेन्स काढून सोफ्यावर ठेवली, रिकाम्या फळ्या पुसल्या आणि म्हणाला, “ठेव इथे.”

चार दिवस अकरा कुरडया काचेआड विराजमान होत्या आणि लेन्स उशांवर लोळत होत्या. पाचव्या दिवशी, दुपारी, नीताने इब्रीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. निशिकांत गच्चीवर उभा होता. त्याच्या मागच्या माळावर हिरवी लव फुटली होती, बावीस वर्षांत त्याने पहिल्यांदा पाहिलेली. तो दाखवत सुटला. नीताने त्याला थांबवलं आणि कपाटातून एक कुरडई काढली. आई वाळवण पारखायची ती अशी, कानाशी धरून एक तार मोडायची. वाजली तर वाळली.

नीताने कुरडई फोनजवळ धरली आणि तार मोडली.

“ऐकलंस?” तिने विचारलं.

“ऐकलं, ताई,” निशिकांत म्हणाला. “आईच्यासारखी वाजली.”