बटण साहेबांच्या हस्ते

आमच्याकडे मुतारीचंसुद्धा उद्घाटन होतं, मग विषाणूचं का होऊ नये? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सांगलीतल्या आमच्या खासगी प्रयोगशाळेत ते झालंसुद्धा.

पलूस आणि उंब्रजकडून आलेल्या काही नमुन्यांत मला विषाणूत एक बदल दिसला होता. त्याचा अर्थ काय, हे आमच्या मूठभर नमुन्यांवरून कळणं शक्य नव्हतं. म्हणून तर जगभरच्या प्रयोगशाळा आपापली माहिती एका सामाईक साठ्यात टाकत होत्या. नैरोबीच्या वांजिरू नावाच्या संशोधक बाईंनी तिथे विचारलंही होतं, 'हा बदल आणखी कुणाला दिसलाय का?'

मी आमचे प्रमुख दिग्विजय सर यांच्याकडे धावत गेले. साठ्याचा पासवर्ड ते कुणालाही देत नसत.

"ब्राह्मी, घाई नको," सर म्हणाले. "आपण फुकट द्यायचं आणि नाव त्या बाईचं व्हायचं? साहेबांच्या हस्ते अपलोड करू. फ्लेक्स छापायला गेलाय."

"सर, माणसं आजारी आहेत."

"म्हणून तर साहेब वेळ देतायत."

साहेब म्हणजे आमचे मंत्री. ते साताऱ्यात दुसऱ्या कसल्याशा उद्घाटनात अडकले होते, कार्यक्रम पुढे गेला. मग मध्येच अमावस्या आली, म्हणून आणखी पुढे गेला. नैरोबीच्या बाईंना बिचाऱ्यांना आमची अमावस्या काय माहीत! त्या विचारतच राहिल्या.

तेवढ्यात पलूसहून आण्णांचा, माझ्या वडलांचा फोन आला. अंगात कणकण होती, कोरडा खोकला होता. गावात केलेली झटपट चाचणी मात्र निगेटिव्ह आली होती.

"आण्णा, तरी घरातच बसा. मोठी चाचणी, ती आरटीपीसीआर, करून घ्या."

"आगं, कागदावर निगेटिव्ह लिवलंय की! आन् तुज्या सरांनी सोता फोन करून बोलावलंय. पोरीचा सत्कार हाय, आन् बाप घरात बसंल व्हय?"

मला सरांइतकाच आण्णांचाही राग आला. कागदावर शिक्का दिसला की आमची माणसं अंगातला ताप विसरतात.

मांडवात पन्नास माणसांना परवानगी होती, खुर्च्या दोनशे मांडल्या होत्या. दारातच प्रत्येकाची झटपट चाचणी होत होती आणि निगेटिव्ह आलेला प्रत्येक जण मास्क हनुवटीवर ओढून आत येत होता. टेबलावर झेंडूची माळ घातलेलं लाल बटण होतं. साहेबांनी ते दाबलं, पडद्यावर पृथ्वी फिरली, टाळ्या पडल्या. बटणाची वायर टेबलाखाली नुसतीच लोंबत होती. पृथ्वी मांडववाला फिरवत होता. खरं अपलोड सर जेवण झाल्यावर करणार होते.

ते बासुंदीवर असताना मी त्यांच्या केबिनमध्ये शिरले. इतका जपलेला पासवर्ड त्यांनी संगणकालाच चिकटवून ठेवला होता. मी सगळी माहिती पाठवून दिली. चोरी म्हणायची तर म्हणा.

साहेबांची गाडी हलायच्या आत वांजिरूबाईंचं उत्तर आलं. 'हा बदल असला की झटपट चाचणीला विषाणू दिसतच नाही. आमच्याकडे कितीतरी रुग्ण असेच सुटले. निगेटिव्ह आलेल्या आजाऱ्यांची पुन्हा मोठी चाचणी करा. इतके दिवस कुठे होता तुम्ही?'

मी मांडवाकडे पळाले. आण्णा पहिल्या रांगेत माझ्या सत्काराची शाल गच्च लपेटून बसले होते.

"थंडी वाजाय लागल्या गं," ते म्हणाले. "शाल बरी हाय, लय ऊब देती."

मोठी चाचणी पॉझिटिव्ह आली. साहेबांचीही आली. साहेब मुंबईच्या इस्पितळात जाऊन ठणठणीत होऊन परतले. आण्णांना मिरजेत ऑक्सिजनचा बेड मिळेपर्यंत उशीर झाला होता. माझा बाप गेला, आणि तो त्या फ्लेक्सपायी गेला, हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

त्यांच्या नमुन्यातला विषाणू मीच तपासला. तोच बदल होता.

सर भेटायला घरी आले. आण्णांच्या फोटोला हार घातला. मग हळूच म्हणाले, "ब्राह्मी, आण्णांचा नमुना सध्या जपून ठेव. त्यांच्या स्मरणार्थ छोटासा कार्यक्रम घेऊ. साहेबांशी बोललोय मी."

"पाठवला, सर."

सर दचकले. "पाठवला? कुणाच्या हस्ते?"

"लेकीच्या," मी म्हणाले.